घोडा घ्यायचाय? मग आधी त्याचं पोट समजून घ्या



"ताई, टेबललँडवर घोडा लावायचाय, भांडवल किती लागेल?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कुणाला पाचगणी-महाबळेश्वरला राइडचा धंदा करायचा असतो, कुणाला लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवायची असते, कुणाला अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटक फिरवायचे असतात. विचारणारे सगळे हुशार असतात. घोड्याची किंमत, खोगीर, नाल, परवाना, जागा, सगळ्याची वही काढून बसतात. पण चारापाण्याचा रकाना आला की उत्तर ठरलेलं: "खाईल काहीतरी, गवत काय कमी आहे का आपल्याकडे."

या आठवड्याचा व्हिडिओ याच रकान्यावर होता. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून इथे नीट लिहून काढतेय. आणि एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगायला जमली नाही, ती आधी सांगते.

वाईला माझं पशुखाद्याचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पसरणी घाट चढला की पाचगणी, त्यामुळे वरचे घोडेवाले माल न्यायला खाली येतात. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात असाच एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा आला. पतसंस्थेचं कर्ज काढून त्याने घोडी घेतली होती. पावसाळाभर ती डोंगरउतारावर गवतावर होती, काम जवळपास नव्हतंच. आता दिवाळीची गर्दी येणार, दिवसाला दहा-बारा फेऱ्या होणार. म्हणाला, "ताई, काहीतरी ताकदीचं द्या." मी मक्याच्या भरड्याचं पोतं काढून दिलं. घोडीचं वजन किती, आत्तापर्यंत काय खात होती, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

त्याने संध्याकाळी एक पाटी भरड दिली, सकाळी कामाला काढायच्या आधी अजून एक. पाटी म्हणजे साधारण तीन किलो. दुपारी बाराच्या सुमारास घोडी खोगिरासकट खाली बसली. उठवली तर पुढच्या पायाने माती उकरायला लागली, मान वळवून पोटाकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं गॅस झालाय, तेलात हिंग-ओवा घालून पाजा. पाजलं. डॉक्टर दुसऱ्या गावात अडलेल्या गाईकडे होते, ते चार वाजता पोचले. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. रात्री एकनंतर घोडी गेली. कर्जाचे बावीस हप्ते बाकी होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "घोड्याला उलटी करता येत नाही, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. तेव्हा मी पाच वर्षं पशुखाद्य विकत होते, बीबीएची डिग्री भिंतीवर होती, आणि मला हे माहीत नव्हतं. त्यानंतर जे शिकले ते हे.

घोडा म्हणजे बिनशिंगाची गाय नव्हे

आपल्याकडे बहुतेकांना गुरांचा अनुभव असतो आणि तिथेच घोटाळा होतो. गाय काय करते? भराभर खाते, मग निवांत बसून रवंथ करते. तिचं मोठं पोट पुढे असतं, तिथे जंतू चारा आंबवतात, मग तो पुढे जातो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं चारा आंबवायचं भांडं मागे आहे, लहान आतड्याच्या पलीकडे. एक मोठी पिशवी, तिला अंधांत्र म्हणतात, आणि तिच्यापुढे अनेक वळणं घेतलेलं जाड मोठं आतडं. गवतातल्या तंतूंचं पचन तिथे होतं. कोट्यवधी जंतू ते काम करतात आणि घोड्याला मिळणाऱ्या ताकदीचा मोठा वाटा त्यांच्याकडूनच येतो.

पुढचं पोट मात्र अंगाच्या मानाने अगदीच लहान. मोठ्या घोड्याचंसुद्धा आठ ते पंधरा लिटरच्या आसपास, म्हणजे घरातल्या बादलीएवढं. त्यात गेलेलं परत वर येत नाही, कारण अन्ननलिका पोटाला मिळते तिथली झडप फारच घट्ट असते. आपल्याला जास्त झालं तर ओकून मोकळं होता येतं. घोड्याचं पोट फुगत जातं, आणि फारच ताण आला तर फाटतं.

दुसरी गोष्ट. आपल्या पोटात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी वाढतं. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास गळत असतं, खायला असो वा नसो. त्या आम्लावर उतारा म्हणजे लाळ, आणि लाळ सुटते फक्त चावताना. एक किलो वाळलं गवत चावायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात. एक किलो धान्य दहा मिनिटांत संपतं. म्हणजे धान्यावर ठेवलेल्या घोड्याचं पोट कॅलरीने भरतं, पण लाळ फारच कमी येते. मग पोटाच्या आतल्या भिंतीला व्रण होतात. घोडा चिडचिडा होतो, खाता खाता मध्येच थांबतो, खोगीर आवळताना चावायला येतो, आणि आपण म्हणतो "वात्रट आहे."

म्हणून घोड्याच्या पोटाला हवं असतं थोडं थोडं, दिवसभर, आणि मुख्यतः चारा. मोकळ्यावरचा घोडा दिवसरात्रीतला अर्ध्याहून जास्त वेळ चरण्यात घालवतो. आपल्या धंद्याची गरज नेमकी उलटी आहे. आपल्याला सकाळी एकदा, रात्री एकदा खायला घालून मध्ये काम करून घ्यायचंय. घोड्याच्या खाण्याचे बहुतेक घोळ या ओढाताणीतून होतात.

मक्याने नेमकं काय केलं

धान्यात मुख्य असतो स्टार्च. तो लहान आतड्यात पचून रक्तात गेला तर उत्तम. पण लहान आतड्याची एका वेळची ताकद मर्यादित आहे. त्यापेक्षा जास्त आला की उरलेला स्टार्च कच्चाच मागच्या पिशवीत सांडतो. तिथे तंतू पचवणाऱ्या जंतूंऐवजी स्टार्च खाणारे जंतू अचानक माजतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की तंतू पचवणारे जंतू मरतात, त्यांच्यातून विष सुटतं, गॅस धरतो, आतड्याची हालचाल बिघडते. हाच पोटशूळ. ज्यांचा जीव वाचतो त्यांच्यातही काहींना दोन-तीन दिवसांत खुराच्या आतल्या थराला सूज येते. चारही पाय गरम, घोडा पाऊल टाकायला तयार नाही. धान्याच्या अतिरेकाने घोडा लंगडा होतो हे जुन्या घोडेवाल्यांना ठाऊक आहे, नव्यांना सांगावं लागतं.

आता हिशेब बघा. आज सुरक्षित मानतात ते प्रमाण असं: एका वेळच्या खाण्यात घोड्याच्या दर किलो वजनामागे स्टार्च एक ग्रॅमपेक्षा जास्त नको. तीनशे किलोची घोडी असेल तर तीनशे ग्रॅम. मक्याचा साधारण दोन तृतीयांश भाग स्टार्च असतो, म्हणजे एका वेळी मका साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. त्या मुलाने तीन किलो दिला, बारा तासांत दोनदा. दर वेळी जवळजवळ दोन किलो स्टार्च. त्यात घोडीच्या आतड्यातले जंतू चार महिने फक्त गवताला सवकलेले.

त्याने घोडीचे लाड केले होते हो, हेळसांड नाही. पाटीभर, पोटभर, चांगल्या मनाने.

चंदी किती, वैरण किती

आधी वजन. वजनकाटा नसतोच कुणाकडे, पण शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, सेंटीमीटरमध्ये. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण ३१२ किलो. थोडं इकडेतिकडे होतं, पण "असेल चारशे" या अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

पुढचा हिशेब सोपा राहावा म्हणून तीनशे किलो धरते.

वैरण कोरड्या हिशेबाने वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली कधीच जाऊ देऊ नका, म्हणजे साडेचार किलो. दोन टक्के, म्हणजे सहा किलो, हे खरं लक्ष्य. "कोरड्या हिशेबाने" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. दहा किलोचा हिरवा भारा टाकलात तर घोड्याला खरा चारा मिळाला दोन-अडीच किलो. नुसत्या हिरव्यावर ठेवायचं तर पंचवीस-तीस किलो लागेल. पाच रुपयांनी स्वस्त म्हणून हिरवा भारा घेणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं.

चंदी ही वैरणीच्या वर, कामाप्रमाणे. काम नसेल तर बऱ्याच देशी घोड्यांना चंदीची गरजच नसते, चांगलं गवत, मीठ आणि थोडी खनिजं पुरतात. भीमथडीची तट्टं दख्खनच्या कोरड्या गवतावर मोहिमा करत होती ते उगाच नाही. काम असेल तेव्हा दिवसाला किलो-दीड किलो चंदी लागत असेल तर ती तीन वेळांत वाटा. आणि डब्याने मोजू नका, तोलून द्या. मक्याचा डबा आणि ओटचा डबा दिसायला सारखा, पण मक्याचा वजनाला भारी आणि स्टार्चलाही भारी. माझ्या काउंटरवर आता ताणकाटा टांगलेला आहे. घोडेवाला आला की त्याचाच डबा भरून तोलून दाखवते. दहातले आठ जण म्हणतात, "एवढं असतं होय यात?"

धान्यात कोणतं बरं? ओट सगळ्यात सोपं, त्यातला स्टार्च लहान आतड्यात चांगला पचतो. हरभरा आपल्याकडची जुनी चंदी आहे, भिजवून आणि मापात द्या. त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि स्टार्च मक्याहून कमी. हुलग्याला इंग्रजीत घोड्याचंच नाव आहे, तेव्हा त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मका आणि गहू सगळ्यात जोखमीचे. ज्याला अजून ताकद हवी त्याला मी आता धान्य वाढवा असं सांगत नाही. थोडं खाद्यतेल सुचवते, चमच्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत. तेलात स्टार्च शून्य.

गव्हाच्या कोंड्याबद्दल दोन शब्द, कारण तो सगळेच देतात. मूठ-दोन मुठी चालतो. पण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असतं. रोज पाटीभर कोंडा दिला की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं, हाडं कमकुवत होतात, काही घोड्यांचा चेहरा सुजल्यासारखा होतो. नेपियरसारख्या काही गवतांत ऑक्झलेट असतं, तेही कॅल्शियम अडवतं. कोंडा आणि नेपियर दोन्ही रोज, हा दुधाच्या गोठ्याशेजारी घोडा बांधणाऱ्यांचा ठरलेला बेत असतो, आणि तो बेत वाईट आहे. लसूणघासात कॅल्शियम चांगलं असतं, त्याचा थोडा वाटा ठेवा.

मीठ रोज वीस-तीस ग्रॅम, घाम गाळत असेल तर जास्त. पाणी नुसतं उभं असताना पंधरा-वीस लिटर, उन्हात काम असेल तर त्याच्या दुप्पट. घामाघूम घोड्याला पाणी तोडायचं ही जुनी समजूत सोडा. श्वास थोडा खाली बसू द्या आणि थोडं थोडं पाजत राहा. पाणी कमी पडलं की चारा आतड्यात सुकून अडकतो. थंडीत पाचगणीला पहाटेचं पाणी बर्फासारखं असतं, घोडी तोंड लावून मागे होते, आणि मालकाला वाटतं तहान नाही. जरा कोमट करून बघा, निम्मी बादली संपते.

पॉइंटवर उभ्या घोड्याचं काय

हा खरा अडचणीचा भाग आहे, कारण इथे धंदा आणि पोट समोरासमोर येतात. सकाळी आठला घोडा पॉइंटवर, संध्याकाळी सहाला घरी. मधले दहा तास पोटात आम्ल गळतंय आणि चावायला काही नाही. घरी आला की भुकेला, आणि मालक प्रेमाने आधी चंदीचा तोबरा बांधतो. भुकेला घोडा चंदी गिळतो, चावत नाही. त्यातून घशात अडकणं होतं, म्हणजे नाकातून चाऱ्याचा चोथा आणि फेस येतो, आणि पोटशूळही होतो.

दोन बदल करा. एक, जाळीदार पिशवीत वाळलं गवत भरून पॉइंटवर न्या. चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ घोडा उपाशी नको. फेऱ्यांच्या मध्ये दहा मिनिटं मिळाली तरी तो चघळतो. गवत पिशवीत असलं की मातीही पोटात जात नाही. ही गोष्ट किनाऱ्यावरच्यांनी दुप्पट लक्षात ठेवा. वाळूवर टाकलेलं गवत खाणाऱ्या घोड्याच्या मोठ्या आतड्यात वाळू साठत जाते, काही महिन्यांनी तिचं ओझं होऊन पोटशूळ होतो. दोन, घरी आल्यावर आधी गवत, अर्ध्या-पाऊण तासाने चंदी.

आणि पर्यटक. माथेरान असो की महाबळेश्वर, लोक घोड्याला पाव, भजी, वेफर्स, उरलेली पोळी देतात. लेकरांना मजा वाटते, ग्राहक नाराज होऊ नये म्हणून आपण गप्प बसतो. दहा ग्राहकांनी दिलेला पाव म्हणजे एका वेळच्या चंदीएवढा स्टार्च झाला, आणि तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही. माझ्या ओळखीचा एक जण गाजराच्या लांबट फोडी करून दहा रुपयांना छोटी पुडी विकतो. "घोड्याला द्यायचंय? हे द्या." दिवसाला ठरावीक पुड्या, मग बंद. पोटही सुरक्षित आणि वर दोन पैसे. ही युक्ती मला बीबीएच्या कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती.

बदल करायचा तर दहा-चौदा दिवस

मागच्या पिशवीतले जंतू खाण्याप्रमाणे बदलतात, पण हळूहळू. म्हणून कुठलाही बदल दहा ते चौदा दिवसांत करायचा. पहिले तीन-चार दिवस एक हिस्सा नवं तीन हिस्से जुनं, मग अर्धं-अर्धं, मग तीन हिस्से नवं. हे फक्त धान्याला नाही, गवतालाही लागू. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत दिसलं आणि घोडा दिवसभर सोडला, हाही अचानक बदलच.

आता यातला धंद्याचा धडा बघा. जुना माल संपल्यावर नवीन आणायला जाणारा माणूस हा नियम पाळूच शकत नाही. चाऱ्याची रिऑर्डर लेव्हल शून्य नसते, किमान दोन आठवड्यांच्या साठ्यावर असते. म्हणजे दोन आठवड्यांचा चारा कायम तुमच्या खेळत्या भांडवलात अडकलेला राहणार. घोडा घ्यायच्या आधी हे पैसे बाजूला काढा.

घोडा खरेदीलाही हेच. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथून आपल्याकडचे बरेच जण जनावर आणतात. विकणाऱ्याला विचारा: काय खातो, किती वेळा, किती. आणि घोड्याबरोबर दहा दिवस पुरेल एवढा तोच चारा, तीच चंदी विकत घ्या. नाही मिळालं तर निदान दोन पोती. लांबचा प्रवास, नवी जागा, नवं पाणी आणि वर नवं खाणं, एवढं सगळं एकाच आठवड्यात नको. आल्यावर पहिले दोन-तीन दिवस गवत, पाणी आणि आराम.

दुकानातलं काय घ्यायचं नाही

हे दुकानदार म्हणून सांगते, माझाच माल आहे.

कोंबडीचं खाद्य घोड्याला कधीही नाही. ब्रॉयलरच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं असू शकतात. कोंबडीला ती चालतात, घोड्याला अगदी थोड्या प्रमाणातही हृदयावर घात करतात. काही गुरांच्या खाद्यातही मोनेन्सिन असतं. लेबल वाचा, लेबल नसेल तर घेऊ नका. कोंबड्या आणि घोडा दोन्ही असतील तर पोती वेगळ्या खोलीत आणि माप वेगळं. दुकानातही मी दोन्हीकडे एकच फावडी वापरू देत नाही.

मुरघास दुधाच्या जनावरांचा. नीट न मुरलेल्या मुरघासातून होणाऱ्या बोट्युलिझम या विषबाधेला घोडा फार नाजूक आहे. एरंडीची पेंड खत म्हणून विकली जाते, ती चुकून खाद्याच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. कोवळी हिरवी ज्वारी, सुदान गवत घोड्याला टाळा, त्याने मूत्राशय आणि मागच्या पायांचे विकार होतात. कुंपणाला कण्हेर असेल तर घोडा तिथे बांधायचा नाही, तिची थोडी पानंही जीव घेतात. लॉन कापलेलं ताजं गवत हॉटेलवाले फुकट देतात. ढिगात ते तासाभरात तापून आंबायला लागतं, नको म्हणा.

आणि बुरशी. आमच्या भागातलं धुकं आणि पाऊस तुम्हाला माहीत आहे, आषाढात भिंतीलाही घाम येतो. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. गवताच्या पेंढीत हात खुपसा. आतून गरम लागलं, कुबट वास आला, धूळ उडाली, तर ती पेंढी घोड्याला नाही. मक्यावरच्या एका बुरशीचं विष घोड्याचा मेंदू निकामी करतं. "वरचं काढून खालचं देऊ" हे चालत नाही. पोतं गेलं तर हजार-दीड हजार गेले म्हणायचं.

खर्च मांडू

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचा भाव टाका. समजा वाळलं गवत १२ रुपये किलो, सहा किलोचे ७२. चंदी एक किलो ३५. मीठ-खनिजं ८. दिवसाचे ११५ रुपये. वर्षाचे ४१,९७५. सीझन धरून तुमचे कमाईचे दिवस समजा दीडशे. पण पोट ३६५ दिवस चालू. म्हणजे कमाईच्या प्रत्येक दिवसावर चाऱ्याचा बोजा २८० रुपये, ११५ नव्हे. हा आकडा न धरल्यामुळे लोक पावसाळ्यात घोडा नुसत्या उतारावर सोडतात आणि दिवाळीला पाटीभर मका घालतात. डॉक्टर, वर्षातून एकदा दात घासून घेणं, लीद तपासून जंताचं औषध, नाल हे यात धरलेलं नाही. दाताचा खर्च टाळू नका. दातांना टोकं आली की चारा नीट चावला जात नाही, तोंडातून गोळे पडतात, आणि न चावलेला चारा पुढे अडकतो.

पोट दुखायला लागलं तर

माती उकरणं, पोटाकडे बघणं, वरचा ओठ वळवणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, घाम फुटणं, लीद बंद होणं, चारा सोडणं. यातलं काहीही दिसलं की आधी डॉक्टरांना फोन, मग बाकीचं. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२ आहे. पण घोड्याच्या नाकातून पोटात नळी घालायचा सराव कोणत्या डॉक्टरला आहे, हे घोडा घेण्याच्या आधी शोधून ठेवा आणि नंबर तबेल्याच्या भिंतीवर लिहा.

समोरचा चारा काढून घ्या. जबड्याखालची नाडी मोजा. शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते, साठच्या वर गेली तर डॉक्टरांना तसंच सांगा. शेवटची लीद कधी टाकली, काय खाल्लं, किती वाजता सुरू झालं, हेही. जोरात लोळून स्वतःला इजा करत असेल तर हळूहळू चालवा, पण तासनतास पळवून दमवू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वेदनेचं इंजेक्शन नको, लक्षणं झाकली जातात आणि आजार आत वाढतो.

आणि तोंडातून काहीही ओतू नका. तेल नको, हिंग-ओवा नको, काढा नको. ओतलेलं फुप्फुसात जाऊ शकतं, आणि आधीच ताणलेल्या पोटात ती अजून एक भर. त्या दिवशी घोडीला तेल पाजलं त्याने नेमकं किती बिघडलं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

त्या मुलाने हप्ते फेडले. दोन वर्षं एका हॉटेलात काम केलं, मग पुन्हा घोडी घेतली. माल अजून माझ्याकडूनच नेतो. या वेळी दुकानात आला तेव्हा घोडीचा घेर आणि लांबी कागदावर लिहून घेऊन आला होता. आम्ही दोघांनी काउंटरवर बसून कॅल्क्युलेटरवर चंदी काढली, दिवसाला सहाशे ग्रॅम ओट, तीन वेळांत, पहिले दोन आठवडे चढवत.

तुम्ही घोडा घेतलेला असेल तर तुमचेही आकडे कमेंटमध्ये टाका: घेर, लांबी, सध्या काय देता ते तोलून, आणि दिवसात किती तास काम. पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये चार-पाच जणांचा हिशेब सगळ्यांसमोर मांडू. मोजताना घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा असू द्या आणि टेप फार आवळू नका.